लाखाची पर्स, दाराबाहेरची रांग आणि आम्ही न घेणारे

बघ्या:

आधीच सांगून टाकतो की यातलं मी काहीही घेत नाही. शर्ट लक्ष्मी रोडचा, पँट शिवून घेतलेली, घड्याळ लग्नातलं. पण दुकानं बघायचा मला नाद आहे, बघायला पैसे पडत नाहीत, आणि मुलगी पॅरिसला नोकरीला असल्यामुळे अधूनमधून तिकडे जाणं होतं, त्यामुळे मायलेकी आत आणि मी बाहेर पिशव्या धरून उभा, हा अनुभव भरपूर जमा झालाय. त्यातून जे डोक्यात आलं ते टंकतोय. जाणकारांनी भर घालावी, बाकीच्यांनी काड्या घालाव्या.

मला सगळ्यात नवल वाटतं ते रांगेचं. शाँझेलिझेवर लुई व्हिटॉनच्या दुकानाबाहेर दोरी लावून लोक उभे केलेले असतात. (त्याच रस्त्यावर त्यांनी एक अख्खी इमारत मोठ्या चंदेरी ट्रंकेसारखी झाकलीय, आत काम चालू आहे म्हणून. म्हणजे बांधकामाचा आडोसासुद्धा जाहिरात.) आणि काचेतून आत बघावं तर गर्दी अजिबात नाही, सेल्समन हात बांधून उभे. मग बाहेर लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं? तर रांग बघूनच पुढचा माणूस रांगेत येतो. आपल्याकडे रांग म्हणजे रेशन, रॉकेल आणि आता आधार केंद्र, ज्याला रांग चुकवता येते तो मोठा माणूस. तिथे पैसेवाला हौसेने रांग लावतो आणि वर रांगेतला सेल्फी काढतो.

बरं ती जी तपकिरी, एल आणि व्ही एकमेकांत अडकवलेली पर्स आपण लांबून ओळखतो ती मुळात चामड्याची नसतेच. कॅनव्हास असतो, वरून लेप दिलेला, चामडं फक्त पट्ट्यांना आणि कडांना. हे लुईबुवा ट्रंका बनवणारे, १८५४ साली पॅरिसात दुकान टाकलं, तोवर ट्रंकांची झाकणं गोलसर असायची पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून, यांनी हलकी आणि सपाट झाकणाची ट्रंक काढली जी एकावर एक रचता येते, आगगाडीच्या आणि बोटीच्या प्रवासाला एकदम सोयीची. म्हणजे मूळ धंदा शंभर टक्के उपयोगाचा होता! लोक नक्कल करायला लागले म्हणून मुलाने, जॉर्जने, १८९६ मध्ये ती नक्षी काढली. नक्कल थांबावी म्हणून काढलेली नक्षी आज अर्ध्या जगाच्या फुटपाथवर अंथरलेली दिसते.

पण रांगेचा खरा बाप म्हणजे एर्मेस. १८३७ पासूनची पेढी, सुरुवात घोड्यांच्या सरंजामापासून. यांची बर्किन नावाची पर्स १९८४ ची, जेन बर्किन नावाची नटी विमानात कंपनीच्या साहेबांच्या शेजारी बसली होती, तिचं सामान सांडलं, आईला पुरेल अशी पिशवीच मिळत नाही म्हणाली, साहेबांनी तिथल्या तिथे चित्र काढलं. ती पहिली पर्स २०२५ च्या जुलैत पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोला गेली, वापरलेली, डाग पडलेली, वर चिकटवलेल्या स्टिकरच्या खुणांसकट. आणि नवी हवी असेल तर? खिशात पैसे असून मिळत नाही. आधी ओळख वाढवा, स्कार्फ घ्या, बशा घ्या, चपला घ्या, मग कधीतरी फोन येईल, रंग ते ठरवतील. अमेरिकेत २०२४ मध्ये काही गिऱ्हाइकं यावरून कोर्टात गेली होती की बाकीचा माल घेतल्याशिवाय बर्किन देत नाहीत म्हणून. गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या विनवण्या करायच्या हे आपण गॅस सिलिंडर आणि बजाज स्कूटरच्या नंबराच्या काळात केलंय, तेव्हा आपण त्याला टंचाई म्हणायचो आणि सरकारला शिव्या द्यायचो.

आणि या सगळ्या दुकानांची आपसात जी चुरस दिसते तिच्यावरही फार जाऊ नका. लुई व्हिटॉन, डिओर, फेंडी, सेलीन, जिव्हॉन्शी, लोएवे, बुल्गारी, टिफनी आणि ते सेफोरा, हे सगळं बर्नार अर्नो यांच्या एलव्हीएमएच या एकाच कंपनीचं. गुची, सँ लोराँ, बोटेगा, बालेन्सियागा हे केरिंगचं. जावा-जावांच्या चुली वेगळ्या, पण कोठाराची किल्ली सासऱ्याच्या कमरेला. एर्मेस मात्र अजून घराण्याच्या हातात आहे, अर्नोंनी गुपचूप त्यांचेही शेअर गोळा केले होते, २०१० मध्ये ते बाहेर आलं, मग अख्खं घराणं एक झालं, कोर्टकज्जे झाले आणि २०१४ मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली.

तर माझा प्रश्न असा की दोन-अडीच लाखाच्या पर्समध्ये कातडं किती, शिलाई किती आणि बाकीचे पैसे कशाचे? माझं मत विचाराल तर बाकीचे पैसे नकाराचे आहेत. दुसऱ्याला मिळाली नाही याची किंमत.

---

खडूस काकू:

लेख झकास. पण बाहेर पिशव्या धरून उभे होतात म्हणताय आणि त्या पिशव्यांत काय होतं ते सोयीस्कर गाळलंत. :)

---

बघ्या:

काकू, तांदूळ, दही आणि कोथिंबीर. कोथिंबिरीची किंमत मात्र लग्झरीच होती.

---

मिलानकर मनी:

मी मिलानमध्ये राहते, फॅशनशी काही संबंध नाही, लॅबमध्ये काम करते. पण बघ्यांच्या प्रश्नाचं आकड्यातलं उत्तर इथल्या कोर्टाच्या कागदांत आहे. २०२४ मध्ये मिलानच्या कोर्टाने आधी एप्रिलमध्ये अरमानीच्या एका कंपनीवर आणि मग जूनमध्ये डिओरच्या इथल्या उत्पादन करणाऱ्या कंपनीवर प्रशासक बसवला होता. प्रकरण असं की काम सप्लायरला दिलेलं, सप्लायरने शहराबाहेरच्या छोट्या चिनी मालकीच्या वर्कशॉपना दिलेलं, तिथे कामगार तिथेच झोपतायत आणि हात भरभर चालावा म्हणून मशीनची सुरक्षेची झाकणं काढून ठेवलेली. डिओरची एक पर्स जोडून द्यायला त्या वर्कशॉपला ५३ युरो मिळायचे, ती दुकानात २,६०० युरोला. चामडं त्या ५३ मध्ये नाही हे खरं, पण चामडं म्हणजे काय उरलेले अडीच हजार नव्हे. अरमानीच्या केसमध्ये मधल्या पायऱ्याही दिसतात, वर्कशॉपकडून सप्लायरने ९३ युरोला घेतली, अरमानीला २५० ला दिली, दुकानात किंमत १,८०० च्या आसपास.

एक स्पष्ट करते, या कंपन्यांवर थेट गुन्हा नव्हता, खालच्या साखळीवर लक्ष ठेवलं नाही असा ठपका होता, आणि डिओरवरचा प्रशासक २०२५ च्या सुरुवातीला उठला. सगळ्या पर्स अशाच बनतात असंही नाही. पण 'मेड इन इटली' वाचून आपल्या डोळ्यांपुढे जे चष्मा लावलेले आजोबा येतात ना, ते दरवेळी असतीलच असं नाही एवढं खरं. २०२५ च्या जुलैत लोरो पियानावर पण असाच प्रशासक आला, आणि त्यांचं स्वेटर म्हणजे बघायलाच नको.

---

टवाळ:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोणाकडे पर्स आहे का इथे, असेल तर कबूल करा.

---

चिन्मयी:

आहे माझ्याकडे. थोडं चिडून लिहितेय, माफ करा, पण असे धागे आले की एक ठरलेला सूर लागतो, की आम्ही साधे आणि घेणारे मूर्ख. मी स्वतःच्या बोनसमधून घेतली, कर्ज नाही काढलं, नवऱ्याला विचारलं नाही. इथल्या किती जणांनी मुलीच्या लग्नात दहा-बारा तोळं करून लॉकरमध्ये ठेवलंय जे वर्षातून एकदा हळदीकुंकवाला बाहेर येतं? येवल्याची अस्सल पैठणी लाखाच्या पुढे जाते तेव्हा आपण 'कला आहे हो' म्हणतो आणि चामड्याची पर्स आली की 'नुसतं नाव विकतात'. पुरुषांची गाडी, मोबाईल, ट्रेकिंगचे बूट, त्यावर कोणी धागा काढत नाही.

आणि सगळंच नाव नसतं. एर्मेसचीच गोष्ट घ्या, एक पर्स एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो, साधारण १५ ते २० तास जातात. ती खोगिराची शिलाई असते, मेण लावलेला लिननचा दोरा, दोन्ही टोकांना सुया आणि एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात, मशीनला हे जमत नाही. एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. वीस वर्षांनी नेलीत तरी दुरुस्त करून देतात. माझी पर्स त्यांची नाही, तेवढी माझी ऐपत नाही, पण काय बघून किंमत द्यायची ते मला कळतं.

---

खडूस काकू:

चिन्मयी, गाडीवाल्यांवर धागा काढायचा तुझा मुद्दा १०० टक्के मान्य, मी काढीन, माझ्या घरात साहित्य आहे. पण सोन्याचं पटलं नाही. सोनाराच्या बिलात सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, टॅक्स वेगळा लिहिलेला असतो. घडणावळ जास्त लावली तर मी भांडते आणि तो दोन टक्के खाली येतो. पैठणीत सुद्धा येवल्याला मागावर जाऊन बसलं तर विणकर सांगतो की पदराला किती दिवस लागले, जर कुठली वापरली. तुझ्या पर्सच्या बिलावर असं काही लिहिलं होतं का? ५३ युरो घडणावळ असं बिलावर छापलं तर एक तरी पर्स विकली जाईल का?

---

चिन्मयी:

नाही लिहिलेलं. :) बरं, हा मुद्दा दिला तुम्हाला. पर्स मात्र देणार नाही.

---

चष्मेवाला:

माझं ऑप्टिकलचं दुकान आहे म्हणून थोडी भर. तुम्ही सगळे पर्सवर अडकलाय पण ज्याला पर्स परवडत नाही तो गॉगल घेतो आणि परफ्यूम घेतो. तर प्राडा, शनेल, व्हर्साचे, बर्बरी यांचे गॉगल ती कंपनी बनवत नाही, लायसन्सवर इटलीची लक्झोटिका बनवते, आता एसिलोरलक्झोटिका झालीय. रे-बॅन आणि ओकली तर तिच्या स्वतःच्याच. परफ्यूमचं तेच, अरमानी, प्राडा, सँ लोराँ या बाटल्या लोरिआलच्या, बर्बरीची कोटी नावाच्या कंपनीची. शनेल स्वतः बनवते, तो अपवाद. काउंटरवर गिऱ्हाईक मला विचारतं 'ओरिजिनल प्राडाच आहे ना', मी हो म्हणतो, आणि ते खरंच आहे, कारण ओरिजिनलची व्याख्याच ती आहे. फ्रेमच्या आतल्या काडीवर बारीक अक्षरात बघा, कुठे बनली ते लिहिलेलं असतं. कोणी बघत नाही, सगळे बाहेरच्या काडीवरचं नाव आरशात नीट दिसतंय का ते बघतात.

---

अतरंगी कार्टं:

मी कॉलेजात आहे, आमच्यात फर्स्ट कॉपी हा विषयच संपलेला आहे, सगळ्यांना माहीत असतं सगळ्यांचं डुप्लिकेट आहे आणि कोणाला काय पडलेलं नाही. बाराशेचे शूज, सोल निघाला की फेकून द्यायचे. पप्पा सांगतात त्यांच्या वेळी उल्हासनगरचा माल यूएसए म्हणून विकायचे. पण मला एक कळत नाही, ५३ युरोला जोडलेली पर्स ओरिजिनल आणि तशीच दुसरीकडे जोडलेली डुप्लिकेट, मग फरक काय राहिला?

---

मिलानकर मनी:

कार्ट्या, चामडं, बक्कल, रंग, आणि मुख्य म्हणजे चोरी. डिझाइन कोणीतरी बसून केलेलं असतं, त्याचा पगार असतो. फर्स्ट कॉपीवाल्याने तो वाचवला आणि त्याच्या कारागिराला ५३ पण मिळत नसणार. पण प्रश्न चांगला आहे, तुझ्या वयात मला सुचला नसता.

---

सुईदोरा:

आता मला लिहावंच लागेल. बरीच वर्षं मुंबईत भरतकामाच्या एक्सपोर्टमध्ये आहे, कंपनीचं नाव घेणार नाही. तुम्ही लोक पॅरिस आणि मिलानबद्दल बोलताय आणि त्या फॅशन शोमध्ये जे मण्यांनी, टिकल्यांनी, जरीने भरलेले झगे दिसतात त्यातलं खूपसं काम आपल्या मुंबईतल्या कारखान्यांत होतं. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे. लाकडी चौकटीवर कापड ताणून बांधतात, तिला अड्डा म्हणतात, चारी बाजूंनी माणसं मांडी घालून बसतात, हातात आरी, म्हणजे बारीक आकड्याची सुई. डिझाइन आधी बटर पेपरवर काढायचं, रेघेवर सुईने भोकं पाडत जायचं, तो खाका. मग कापडावर खाका ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पावडर बोळ्याने वरून फिरवायची की खाली ठिपक्यांची रेघ उमटते. त्या रेघेवर आरी चालते, मणी वर आणि दोरा खाली, नजर हलली की टाका चुकला. एकेका झग्याला सगळ्या अड्ड्याचे मिळून शेकडो तास जातात. हे बघितलेलं माणूस 'नुसतं नाव विकतात' असं म्हणणार नाही, आणि 'नावाला पैसे योग्यच आहेत' असंही म्हणणार नाही.

कारण लेबलवर मुंबई येत नाही. भरलेलं कापड इथून जातं, कटिंग आणि शिलाई तिकडे होते, आणि शेवटचं महत्त्वाचं काम जिथे झालं त्या देशाचं नाव लागतं. कायद्याने बरोबर आहे, कोणी खोटं बोलत नाहीये. २०२३ च्या ३० मार्चला डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तेव्हा भलंमोठं भरतकामाचं तोरण लावलं होतं आणि मुंबईच्या चाणक्य या संस्थेचं नाव उघडपणे घेतलं, ते आम्हा लाईनमधल्या लोकांना खूप मोठं वाटलं, कारण त्याआधी कॉन्ट्रॅक्टमध्येच असायचं की गिऱ्हाइकाचं नाव तोंडातून काढायचं नाही. २०१६ मध्ये काही युरोपियन कंपन्यांनी मुंबईतल्या भरतकाम कारखान्यांसाठी 'उत्थान' म्हणून एक करार केला होता, बाहेर जायचे रस्ते, आगीची सोय, पगार वगैरे सुधारण्यासाठी. काही ठिकाणी खरंच सुधारलं, पंखे आले, लोखंडी जिना आला. पण सुधारणेचा खर्च कोणी द्यायचा यावर गाडी अडते. कारखानदाराला रेट तोच, ऑडिट मात्र दुप्पट. आणि रेट वाढवून मागितला की पुढची ऑर्डर शेजारच्या गल्लीत.

---

चिन्मयी:

सुईदोरा, हे वाचून खरंच काहीतरी वाटलं. स्वतंत्र धागा काढा ना.

---

टवाळ:

+१. आणि फोटो टाका.

---

सुईदोरा:

फोटो टाकले तर नोकरी जाईल.

---

परळकर:

मुंबईचा विषय निघालाच आहे तर. माझे आजोबा आणि वडील दोघेही गिरणीत. आता लोअर परळला पॅलेडियम मॉलमध्ये गुची वगैरे जिथे आहेत ती फिनिक्स मिलची जागा, चिमणी अजून उभी आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, आमच्या घरात तरी तसंच सांगतात. जिथे कापड बनायचं तिथे आता कापड विकतात, यावर लेख लिहून लिहून लोक थकले, म्हणून मी रडगाणं गात नाही. मला गंमत दुसरीच वाटते. वडिलांना घेऊन गेलो होतो एकदा, तर ते ब्रँड बघत नव्हते, एका शर्टाचा कोपरा बोटांत धरून चोळत होते. म्हणाले काउंट (म्हणजे सुताचा बारीकपणा) बरा आहे पण फिनिशिंगचा लेप आहे, दोन धुण्यात बसेल. सेल्समनला काउंट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. म्हातारबाबांनी त्याला उभ्या उभ्या ताणा-बाणा शिकवला, पोरगा चांगला होता, ऐकून घेतलं त्याने.

बाकी झारा २०१० मध्ये टाटांच्या ट्रेंटबरोबर आलं. हुतात्मा चौकातली ती इस्माईल बिल्डिंग आठवते का, २०१७ मध्ये तिथे झाराने मोठं दुकान थाटलं आणि २०२५ मध्ये बंदही केलं. त्याच ट्रेंटचं झुडिओ मात्र तालुक्याच्या गावी पोचलंय, सगळं हजाराच्या आत, आणि तिथे खरी गर्दी, दोरी न लावता.

---

बघ्या:

परळकर, झाराचं मी लिहायचं टाळलं कारण तो उलटाच खेळ आहे. अमान्सियो ओर्तेगा म्हणून गृहस्थ, १९७५ मध्ये स्पेनच्या एका कोपऱ्यात, ला कोरुन्याला पहिलं दुकान. माल थोडा थोडा आणायचा, आठवड्याला दोनदा नवा, आज बघितलेला शर्ट पुढच्या आठवड्यात नसेल अशी भीती घालायची. एर्मेसवाले 'अजून नाही' म्हणतात आणि हे 'नंतर नाही' म्हणतात. मला दोन्हीकडे गिऱ्हाइकाला घाई किंवा वाट यातलं काहीतरी चिकटवलेलं दिसतं.

---

खडूस काकू:

आणि त्या स्वस्तातल्या घाईची किंमत राणा प्लाझात दिसली. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ, ११३४ माणसं. आदल्या दिवशी भिंतीला तडे गेले होते तरी बायकांना कामावर बोलावलं. त्यानंतर मी स्वस्त टॉप घेताना दहादा विचार करते, मग घेतेच, पण विचार करते.

---

टेबलफॅन:

न विकलेल्या मालाचं पण बोला की. बर्बरीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल जाळला होता, स्वस्तात विकला तर नाव जाईल म्हणून. २०१८ मध्ये बोंब झाली मग बंद केलं. फ्रान्सने तर कायदाच केला असं जाळण्याविरुद्ध. आमच्या आईने हे ऐकलं तर ती पहिल्यांदा विचारेल की बोहारणीला का नाही दिला.

---

टवाळ:

बोहारणीने एका ट्रेंचकोटवर पातेलं तरी दिलं असतं का पण.

---

रंकाळ्याचा वारा:

भावांनो आणि भैनींनो, एवढे प्रतिसाद झाले आणि अजून कोल्हापूरचं नाव न्हाई? प्राडा म्हटल्यावर तरी यायला पाहिजे होतं की. आमच्या घरात तीन पिढ्या पायताणाचं काम, मी स्वतः बँकेत, पण रापी आरी हातात धरता येते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोत पोरांच्या पायात आपलं कोल्हापुरी, खाली लिवलं काय तर 'लेदर सँडल'. कोल्हापूरचं नाव कुठंबी न्हाई. मग जो दंगा झाला तो सगळ्यांना माहीत आहे, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र लिहिलं, कंपनीने मान्य केलं की प्रेरणा तिकडूनच घेतली, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. आपल्याला २०१९ पासून जीआय आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला लावायचा हक्क, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांत मिळून, आपले चार जिल्हे आणि त्यांचे चार. मग डिसेंबरमध्ये आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, म्हणजे दोन्ही सरकारांची चामड्याची महामंडळं, यांच्याबरोबर करार, २,००० जोड इथं बनवून घ्यायचे, किंमत एका जोडाला ८०० युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजाराच्या वर गेलं की राव.

आता लोकं मला विचारतात राग आला का. मला चोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. ज्या दिवशी ते फोटो आले त्या दिवशी शहरात गाडीवरून फिरणाऱ्यांनी अभिमानाचे स्टेटस टाकले आणि संध्याकाळी चप्पल लाईनीत येऊन बाराशेचा जोड नऊशेला मागितला. प्राडाने नाव घेतलं न्हाई म्हणून ओरडणाऱ्या किती जणांना आपल्या पायातला जोड कुणी बनवला ते ठाऊक आहे? दुकानावर नाव दुकानदाराचं, बनवणारा सुभाषनगरात नाहीतर कापशीला, त्याचं नाव तळावर कधी छापलंय?

आणि काम काय असतंय ते सांगतो. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, केमिकल न्हाई, म्हणून त्याला तो वास आणि तो रंग. तळाचे थर एकावर एक, मधे खिळा न्हाई, कातड्याच्याच वादीने शिवायचं. पट्टा, अंगठा, दोन्ही बाजूचे कान, आणि वर ती वेणी. वेणी बहुतेक घरातल्या बायका घालतात, रात्री जेवणं झाल्यावर, टीव्हीपुढं, हाताकडं न बघता. त्या वेणीची मजुरी वेगळी धरत न्हाईत कोण, जोडाच्या हिशोबात जाते. काकू, तुमचं ते घडणावळीचं वाचलं आणि मला आमची आईच दिसली बघा.

---

खडूस काकू:

अरे बाबा. म्हणजे माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मलाच द्यावं लागणार. मी पण घासाघीस केलीय कोल्हापुरात. मुकाट्याने गप्प बसते.

---

ज्वलंत विचार:

पण २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कातडंच मिळेनासं झालं त्याबद्दल कोणी बोलणार आहे का इथे की

---

व्यवस्थापक:

विषय महत्त्वाचा आहे, पण तो इथे निघाला की पुढे काय होतं ते आपण पाहिलं आहे. वेगळा धागा काढावा.

---

रंकाळ्याचा वारा:

वेगळ्या धाग्यावर या, सांगतो, मद्रासकडनं कातडं कसं येतंय आणि काय भावानं पडतंय ते.

---

मिलानकर मनी:

वारा, त्या ८०० युरोंतले एका जोडामागे कारागिराला किती मिळणार ते ठरलंय का?

---

रंकाळ्याचा वारा:

ताई, आकडा माझ्या कानावर आलेला न्हाई, म्हणून तोंडातून काढत न्हाई. लोकं खूप सांगत्यात, कोण पाच हजार म्हणतंय कोण दोन. एवढंच सांगतो, शिकवणी देणार असंही करारात आहे म्हणे, पोरं शिकली तर बरंच आहे. माझा चुलतभाऊ खूश आहे, म्हणतो ऐंशी हजाराला जाऊ दे की, निदान गिऱ्हाईक आता बाराशेला महाग म्हणणार न्हाई. मी म्हटलं म्हणणार.

---

बघ्या:

मी वर जे म्हटलं होतं की बाकीचे पैसे नकाराचे, ते अजूनही म्हणतो, फक्त त्यात चिन्मयी आणि सुईदोरा यांचं वाचून एक जोडतो की बाकीच्या पैशांतला काही भाग खरंच हाताचा असतो पण त्या हातापर्यंत तो पोचत नाही, आणि हे पॅरिसलाच होतं असं नाही, सुभाषनगरातही होतं. कोणीतरी बिलावर लिहायला सुरुवात करा रे, शर्ट घेईन तिथून.

---

चिन्मयी:

वारा, मला खरंच एक जोड हवाय, चांगला. दुकानात गेलं की ओळखायचं कसं? मागच्या वेळी एका दुकानात रेक्झिनचा दिला होता, पहिल्या पावसात सुटला.

---

रंकाळ्याचा वारा:

पावसात अस्सल पण घालू नका ताई, पाणी पिऊन फुगतंय. ओळखायचं म्हणजे वास घ्या, लाजू नका. तळ बाजूने बघा, थर दिसले पाहिजेत, नुसता वर रंग मारलेला एकसंध दिसला तर पुठ्ठा भरलेला असतोय. हातात वजन लागलं पाहिजे. वादीची शिलाई खालून दिसते का बघा. आणि नवा जोड पहिले काही दिवस चावणारच, खोबरेल तेलाचं बोट अंगठ्याच्या आतून फिरवायचं, रात्री ठेवून द्यायचं. जोड हलका आणि मऊसूत लागला तर दुकानदाराला हसून नमस्कार करा आणि बाहेर या.

---

खडूस काकू:

मलाही एक. माप कसं देऊ? माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे. भाव करणार नाही, शपथ.

---

रंकाळ्याचा वारा:

दोन्ही पाय वेगवेगळ्या कागदावर ठेवा काकू, उभं राहून, बसून न्हाई, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ मारायला सांगा. वाकून स्वतः मारली की माप चुकतंय. कागदावर डावा-उजवा लिवा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चुलतभावाला देतो. पंधरा दिवस लागतील, सणाचं काम चालू आहे.